कोलेस्टेरॉलची गोळी आणि म्युकर: प्लेटमध्ये मरतं ते अंगात मरतं का?

बुरशीबाई | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

निमित्त आमचे सासरे. त्यांच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल त्याला काळी बुरशी (म्हणजे म्युकर) होत नाही, "परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय", आणि खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा. बाबा आठ वर्षं स्टॅटिन, म्हणजे तीच गोळी, घेतायत त्यामुळे एकदम खूश. आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बुरशीच्या बेंचवर बसते म्हणून जेवताना मलाच विचारलं, हे खरं का गं? आता काय सांगणार, धड खोटंही नाही ना ते. एमेस्सीला माझं प्रोजेक्ट नेमकं याच विषयावर होतं, त्यामुळे ताटावर सुरू झालेलं बोलणं हात वाळेपर्यंत चाललं. तेच इथे टाकतेय.

आधी मूळ. स्टॅटिन हे औषध मुळात बुरशीनेच बनवलेलं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ सांक्यो कंपनीत होते, १९७१ ला त्यांनी कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवणारं काहीतरी बुरश्यांमध्ये शोधायला घेतलं. डोक्यात गणित असं की एखादी बुरशी शेजारच्या जंतूला मारायला त्याचं स्टेरॉल बनवणंच बंद पाडत असेल, जसं पेनिसिलिन जिवाणूची भिंत बंद पाडतं. दोन वर्षांत सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि १९७३ ला सापडलं ते क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या पेनिसिलियम सिट्रिनममध्ये. पुढे कॉम्पॅक्टिन म्हणून ओळखलं गेलं ते हेच. म्हणजे किराणा दुकानातलं बुरसलेलं तांदूळ, आणि त्यातून आज जगभर लोक रात्री जेवणानंतर गिळतात त्या गोळीचं खापरपणजोबा! गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये बीचम औषध कंपनीच्या लोकांना १९७६ ला हेच कॉम्पॅक्टिन दुसऱ्या एका पेनिसिलियममध्ये मिळालं आणि त्यांनी ते चक्क बुरशीविरोधी पदार्थ म्हणून छापलं. कोलेस्टेरॉलचं नावही नाही. मग पुढे मर्कने अ‍ॅस्परजिलस टेरियसमधून लोवास्टॅटिन काढलं आणि १९८७ ला ते अमेरिकेत औषध म्हणून आलं. एंडो २०२४ च्या जूनमध्ये गेले, नव्वदीचे होते. नोबेल नाही मिळालं त्यांना, आम्हा बुरशीवाल्यांना याचा अजून राग आहे.

तर बुरशीवर स्टॅटिन टाकून बघायचं हे काही कुणाचं खूळ नाही, औषधाचा जन्मच तिथला.

का मरते बुरशी? आपल्या पेशीच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पापुद्र्यात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. पदार्थ वेगळे पण कारखाना बराचसा एकच. सुरुवातीच्या पायऱ्या, म्हणजे एचएमजी-कोएपासून मेव्हॅलोनेट आणि तिथून पुढे लॅनोस्टेरॉलपर्यंत, दोघांच्या सारख्या, मग फाटा फुटतो. स्टॅटिन अडवतं ती पायरी फाट्याच्या खूप आधीची, म्हणून दोघांनाही लागू पडते.

आता माझी फजिती. प्रोजेक्टला शुद्ध स्टॅटिन पावडर आणायला पैसे नव्हते, कॉलेजचं बजेट किती ते मायक्रो केलेल्यांना माहीत आहे. मी आणि पार्टनर गेलो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, गोळ्यांची स्ट्रिप आणली, खलबत्त्यात कुटली, डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवली आणि ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये घातली. र्‍हायझोपसचे बीजाणू टाकले, म्युकर करणाऱ्या बुरश्यांतली ही मुख्य. ज्यांनी र्‍हायझोपस हाताळलाय त्यांना ठाऊक आहे की हा प्राणी पोटॅटो डेक्स्ट्रोज अगरवर तीन दिवसांत कापसासारखा फुगून झाकणाला जाऊन टेकतो, लॅबमध्ये त्यांना लिड लिफ्टरच म्हणतात. दुसऱ्या दिवशी प्लेट आरशावर धरून खालून बघतोय तर सगळे खड्डे गढूळ, आणि कहर म्हणजे जास्त औषध तिथे जास्त गढूळ! आम्ही शोध लावल्याच्या आनंदात की स्टॅटिनने म्युकर वाढतो. गाइड मॅडमनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे तिरकी केली, आणि एवढंच विचारलं, "बीजाणू न घातलेल्या खड्ड्यात पण हे वाढलंय का?" वाढलं होतं. ती बुरशी नव्हतीच, गोळीतला सेल्युलोज, कोटिंगमधली पांढरी पूड, असला गाळ होता सगळा.

मग कुठून तरी शुद्ध पावडर मिळवली. पुन्हा टाकलं. र्‍हायझोपस मजेत. कारण दुसरं होतं. लोवास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिन ही बंद कडीच्या रूपात येतात, अंगात गेल्यावर लिव्हरमध्ये ती कडी उघडते तेव्हा औषध कामाला लागतं. प्लेटमध्ये लिव्हर कुठून आणणार. त्यासाठी आधी अल्कोहोल आणि थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घालून ६० डिग्रीला तासभर ठेवून ती कडी आपणच उघडावी लागते, ताजी ताजी. हे करून तिसरी प्लेट लावली तेव्हा कुठे मिलिलिटरला १२८ आणि ६४ मायक्रोग्रॅमचे खड्डे स्वच्छ दिसले. त्या केशरट-गुलाबी आरपीएमआयमधून (बुरशी वाढवायचं द्रव माध्यम) खालच्या कागदावरची रेघ दिसत होती. ३२ ला मात्र तळाशी धुक्यासारखं काहीतरी, आणि पुढे सगळा कापूस.

मॅडमनी लगेच विचारलं, रक्तात किती असतं हे? मी शोधून आले आणि खाली बसले. नेहमीच्या डोसला सिमवा किंवा लोवास्टॅटिन रक्तात असतं नॅनोग्रॅममध्ये, मिलिलिटरला दहा-वीस-तीस. माझी बुरशी थांबली ६४ हजार नॅनोग्रॅमला.

बाबांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे गोळी दोन हजार घेतल्या तर?

---

नाना_निवांत | सोमवार, रात्री ११:१५

बाबांचा प्रश्न योग्यच आहे हो, मलाही तोच पडला :)

मस्त लिहिलंयस ताई. मी स्वतः अ‍ॅटोर्वा ४० वाला, स्टेंट पडल्यापासून. तांदळाचं माहीत नव्हतं. आमच्या हिने ऐकलं तर उद्यापासून बुरसलेला भात वाढेल.

---

चहाबाज | सोमवार, रात्री ११:३२

वाचतोय. दोन कप झाले.

---

डॉ_गल्लीतला | मंगळवार, सकाळी ७:०५

सकाळी ओपीडीच्या आधी घाईत लिहितोय. ताईंचा धागा चांगला आहे पण माझ्या पेशंटांपैकी कुणी हा अर्धाच वाचून आला तर पंचाईत, म्हणून स्पष्ट लिहितो. म्युकर झाला तर उपचार म्हणजे ऑपरेशन करून मेलेला भाग काढणं, अ‍ॅम्फोटेरिसिन, पुढे पोसाकोनाझोल किंवा आयसावुकोनाझोल, आणि साखर ताब्यात आणणं. त्यात स्टॅटिन कुठेही नाही. २०२१ च्या मे महिन्यात आम्ही लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या एकेका व्हायलसाठी तालुक्याच्या गावाहून पुण्यापर्यंत फोन केलेत, नातेवाईक रांगेत उभे. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर केसेस झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं आणि महाराष्ट्र त्यात वरच्या नंबरला होता. त्या काळात गोळ्यांच्या पाकिटावर उपाय सापडला असता तर आम्ही काय सोडला असता?

आणि दोन हजार गोळ्यांचं उत्तर. कॅन्सरसाठी लोवास्टॅटिन फार मोठ्या डोसला देऊन बघितलंय, किलोला २५ मिलिग्रॅम रोज, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीड ग्रॅम. तेवढ्यावरही रक्तातली पातळी काही मायक्रोमोलरच्या (मिलिलिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम) पुढे फारशी गेली नाही, आणि पेशंटचे स्नायूच आधी बोंबलायला लागले. बुरशीच्या आधी माणूस.

---

क्षमस्व | मंगळवार, सकाळी ९:४८

काही शंका, नेहमीप्रमाणे खुसपटं.

१) "काळी बुरशी" हा शब्द धाग्यात तरी वापरू नये असं वाटतं. र्‍हायझोपस पांढरा-करडा असतो, काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस. काळ्या रंगाच्या बुरश्या वेगळ्याच आहेत.

२) फॉरवर्ड आलं ते हवेतून नाही आलेलं. २००७ ला ह्यूस्टनच्या कोन्टोयिआनिस यांनी एका जर्नलमध्ये पत्र लिहिलं होतं की अमेरिकेत मधुमेही वाढतायत पण मधुमेह्यांमधल्या झायगोमायकोसिसच्या (म्युकरच्या रोगाचं तेव्हाचं नाव) केसेस छापून यायच्या कमी झाल्यात, तर याचं कारण त्या काळात पसरलेला स्टॅटिनचा वापर असेल का? त्यांनी स्वतः त्याला गृहीतक म्हटलंय, शीर्षकातच. मराठीत येईपर्यंत त्याचं "सिद्ध केलंय" झालं.

३) छापून येणाऱ्या केसेस कमी होणं आणि केसेस कमी होणं यात फरक आहे. नेहमीचंच दुखणं झालं की कुणी छापत नाही. शिवाय त्याच वर्षांत साखर तपासणं सोपं झालं, इन्सुलिन सुधारलं. याचं श्रेय गोळीला का द्यायचं?

---

बुरशीबाई | मंगळवार, दुपारी १:२०

@क्षमस्व, पहिला मुद्दा मान्य, कान पकडले. बाबांच्या तोंडचा शब्द तसाच आला. दुसरं-तिसरं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

डबा खाताखाता एक भर घालते. एकाच गटात सगळी स्टॅटिन सारखी नाहीत. हंगेरीत सेगेद विद्यापीठात एक गट आहे, गालगोत्सी, न्यिलाशी, पाप वगैरे मंडळी, त्यांनी हे काम सर्वांत चिकाटीने केलंय. सहा वेगवेगळी स्टॅटिन घेतली आणि म्युकरवर्गातल्या बुरश्या, अ‍ॅस्परजिलस, यीस्ट, सगळ्यांवर लावून बघितली. त्यात फ्लुवास्टॅटिन सगळ्यात जोरात, सिमवा-लोवा-अ‍ॅटोर्वा मध्ये कुठेतरी, आणि प्रावास्टॅटिन जवळपास पाण्यासारखं. प्रावा पाण्यात विरघळणारं आहे, पापुद्र्यातून आत घुसायलाच त्याला अवघड जातं, हे एक कारण सांगतात. ऑस्ट्रेलियात मॅक्रीडी यांनी २००६ ला कॅन्डिडा आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसवर दाखवलं होतं, आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट ही की माध्यमात वरून स्टेरॉल घातलं की बुरशी परत उठते. म्हणजे मार बसतो तो स्टेरॉलच्या तुटवड्यामुळेच, उगाच विष म्हणून नाही. असला उलटा प्रयोग केला की खात्री पटते.

---

पाटकरी | मंगळवार, रात्री ८:१०

मी शेतकरी माणूस, केमिस्ट्री बारावीला सोडली. मला जे कळलं ते बरोबर का सांगा. वरच्या पाटाचं पाणी दोन शेतांना जातं, एक आपलं आणि एक बुरशीचं. ही गोळी म्हणजे फाट्याच्या वर पाट बांधणं, दोन्ही शेतं वाळणार. आणि बुरशीची जी खरी औषधं आहेत ती तिच्या शेतावरचं दारं बंद करतात, आपलं शेत भिजत राहतं. असंच ना?

---

लॅबउंदीर | मंगळवार, रात्री ९:०३

@पाटकरी दादा, दंडवत! हे मी माझ्या व्हायव्हात सांगितलं असतं तर परीक्षक उठून उभे राहिले असते.

अगदी तसंच. व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही अ‍ॅझोल मंडळी लॅनोस्टेरॉलच्या पुढची पायरी अडवतात. आपल्याकडेही ते एन्झाइम आहे पण औषध बुरशीच्या एन्झाइमला कितीतरी जास्त घट्ट धरतं. टर्बिनाफिन त्याच्या थोडं वर, स्क्वालीनपाशी. अ‍ॅम्फोटेरिसिन तर पाटाच्या भानगडीत पडतच नाही, शेतात पोचलेलं एर्गोस्टेरॉलच धरून ओढतं.

आता तुमच्याच पाटावर पुढचं सांगतो, कारण खरी मजा इथे आहे. वरून पाट अर्धा बांधला आणि खाली दारंही अर्धंच लावलं तर? एकेकट्याने शेत वाळत नाही पण दोन्ही मिळून वाळतं. याला आम्ही चेकरबोर्ड लावतो. त्याच ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये आडवं एक औषध उतरत्या भाजणीने आणि उभं दुसरं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात वेगळी जोडी. मग बघायचं की एकेकटं किती लागत होतं आणि जोडीत किती लागलं. समजा स्टॅटिन एकटं ६४ ला थांबवत होतं, जोडीत ८ ला थांबवलं, म्हणजे एक अष्टमांश. अ‍ॅझोल १६ वरून ४ वर आलं, एक चतुर्थांश. दोन्हीची बेरीज ०.३७५. ही बेरीज ०.५ किंवा खाली आली तर जोडी जमली म्हणायचं, ४ च्या वर गेली तर दोघांचं भांडण आहे. मधलं सगळं "बरं चाललंय".

ह्यूस्टनच्या गटाने २००६ ला दाखवलं की लोवास्टॅटिन आणि व्होरिकोनाझोलची जोडी म्युकरवर्गावर अशी जमते. हे महत्त्वाचं का, तर व्होरिकोनाझोल एकटं या बुरश्यांवर जवळपास निकामी आहे, उलट ज्या पेशंटला अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल चालू असतं त्यांच्यात म्युकर मागच्या दाराने शिरतो. सेगेदवाल्यांनीही २०१० ला अ‍ॅझोल-स्टॅटिनच्या बऱ्याच जोड्या लावून छापल्या.

पण माझंच उदाहरण घ्या, ६४ वरून ८ वर आलं तरी ८ मायक्रोग्रॅम म्हणजे आठ हजार नॅनोग्रॅम. रक्तात वीस. गणित सुधारलं पण पास नाही झालं. आणि हे वीसही फसवं आहे, बहुतेक स्टॅटिन रक्तातल्या प्रथिनांना ९५ टक्क्यांवर चिकटून बसतात, मोकळं फिरणारं थोडंच. आमच्या आरपीएमआयमध्ये प्रथिनं नसतात, तिथे सगळं मोकळं. त्यात पहिल्या फेरीतच लिव्हर बराच माल उतरवून घेतं, कोलेस्टेरॉलसाठी ते उत्तम, पण नाकाच्या सायनसमध्ये बसलेल्या र्‍हायझोपसला त्याचं काय?

---

सुगरण_साधीसुधी | मंगळवार, रात्री १०:२६

फार छान चाललंय. एक बावळट प्रश्न. जी बुरशी स्टॅटिन बनवते ती स्वतः कशी मरत नाही? तिलाही एर्गोस्टेरॉल लागत असेलच की.

दुसरा, ऑनलाइन ते रेड यीस्ट राइस म्हणून कॅप्सूल मिळतात, "नैसर्गिक स्टॅटिन", ते हेच का? माझी नणंद घेते.

---

बुरशीबाई | मंगळवार, रात्री ११:०९

सुगरण, हा बावळट प्रश्न असेल तर मी जन्मभर बावळट राहायला तयार आहे. ज्या जनुकांच्या गाठोड्यात लोवास्टॅटिन बनवायची कृती असते, त्याच गाठोड्यात एचएमजी-कोए रिडक्टेजसारखं (स्टॅटिन अडवतं ते एन्झाइम) आणखी एक जनुक बांधलेलं सापडलंय. बहुधा आपल्याच विषापासून वाचायची सोय, डाकूने स्वतःच्या वाड्याला चोरदार ठेवावं तशी. आणि हा अ‍ॅस्परजिलस टेरियस दवाखान्यातही बदमाश आहे, माणसाला रोग करतो आणि अ‍ॅम्फोटेरिसिनला मुळातच दाद देत नाही. आमच्याकडे थुंकीच्या कल्चरमध्ये दालचिनीच्या रंगाची वसाहत दिसली की मी रिपोर्ट लिहायच्या आधी डॉक्टरांना फोन करते.

म्युकरचीही तटबंदी आहे. म्युकर सर्सिनेलॉइडिसमध्ये या रिडक्टेजची तीन जनुकं आहेत. एक अडवलं तर बाकीची बसलेलीच आहेत कामाला, शिवाय पेशीला तुटवडा जाणवला की ती जास्त एन्झाइम बनवायला लागते. आपल्या पेशीही हेच करतात, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल या सगळ्या कोलेस्टेरॉल नियंत्रणाच्या उलगड्यासाठीच मिळालं.

लाल तांदूळ: हो, मोनॅस्कस नावाच्या बुरशीने आंबवलेला भात, त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोवास्टॅटिनच, रेणू तोच. "नैसर्गिक" लिहून डोस न सांगता विकतात एवढाच फरक. कधीकधी त्यात सिट्रिनिन नावाचं किडनीला वाईट असं बुरशीचंच विष असतं. २०२४ ला जपानमध्ये बेनी-कोजीच्या, म्हणजे याच लाल भाताच्या, कॅप्सूलमुळे लोकांच्या किडन्या खराब झाल्याचं प्रकरण गाजलं, तिथे संशय पेनिसिलियमच्या भेसळीतून आलेल्या प्युबेरुलिक अ‍ॅसिडवर गेला. नणंदबाईंना सांगा की डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको, आणि दुसरं स्टॅटिन चालू असेल तर मुळीच नको.

---

क्षमस्व | बुधवार, सकाळी ८:३०

मग एवढं सगळं झाल्यावर हे प्रयोग करायचे कशाला? रक्तात पोचत नाही हे दहा वर्षांपूर्वीही माहीत होतं. पेपर छापायचे म्हणून?

---

लॅबउंदीर | बुधवार, दुपारी १२:४४

टोमणा पोचला :) काही पेपर तसे असतातही, खोटं कशाला बोलू. जुनं औषध, चार बुरश्या, एक प्लेट, झाला पेपर. पण दोन कामं मला पटलेली आहेत.

एक म्हणजे २०१६ चं, पुन्हा ह्यूस्टनच्याच मंडळींचं. त्यांनी मारायचा नाद सोडला आणि विचारलं की न मरता बुरशी दुबळी होते का? एमआयसीच्या, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी प्रमाणाच्या, खालच्या स्टॅटिनमध्ये वाढवलेला र्‍हायझोपस कमी घातक निघाला. हे वाचून माझं डोकं जरा फिरलं कारण आमची सगळी प्लेट "वाढ आहे की नाही" एवढंच विचारते, बुरशी जिवंत असून नामोहरम झाली असेल तर आमच्या आरशात ते दिसतच नाही. मेव्हॅलोनेटच्या पाटातून नुसतं स्टेरॉल निघत नाही, काही प्रथिनांना चिकटवायच्या शेपट्याही निघतात, त्या नसल्या तर तंतूला टोकाला कुठे वाढायचं तेच समजेनासं होतं.

दुसरं, अ‍ॅझोलला न जुमानणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये काही ठिकाणी एचएमजी१ या जनुकात बदल सापडलेत. म्हणजे स्टॅटिन ज्या एन्झाइमवर बसतं त्याच्याच जनुकात. स्टॅटिनमुळे झाले असं नाही हां, कुणी फॉरवर्ड करू नका. पण पाटाच्या वरच्या टोकाला काही हललं की खालच्या दारावरचं औषध ढिलं पडतं, हे यातून कळलं. ते कळायला कुणीतरी वरचं टोक हलवून बघत बसावं लागतं.

---

नाना_निवांत | बुधवार, संध्याकाळी ६:५५

डॉक्टरसाहेब, जरा इकडे लक्ष द्या. धागा वाचतावाचता एक शंका आली. मला जांघेत आणि कमरेला गजकर्ण झालंय, चार महिने मलम लावून जात नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांनी परवा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्यात महिनाभरासाठी. वर कुणीतरी अ‍ॅझोल आणि स्टॅटिनची जोडी जमते लिहिलंय. माझं अ‍ॅटोर्वा ४० चालूच आहे. म्हणजे माझ्या अंगात तोच चेकरबोर्ड चाललाय का? फायदाच होईल ना?

---

डॉ_गल्लीतला | बुधवार, संध्याकाळी ७:०२

नाना, थांबा. त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलं होतंत का स्टॅटिन चालू आहे म्हणून?

---

नाना_निवांत | बुधवार, संध्याकाळी ७:०६

नाही. त्यांनी विचारलं "बीपी-शुगर?" मी म्हटलं नाही. खाजेच्या डॉक्टरला हृदयाचं काय सांगायचं.

---

डॉ_गल्लीतला | बुधवार, संध्याकाळी ७:२०

आजच फोन करा, त्वचावाल्यांना आणि तुमच्या हृदयवाल्यांना, दोघांनाही. मनाने काहीही बंद करू नका, स्टेंट आहे तुमचा. पण आजची कॅप्सूल घ्यायच्या आधी फोन.

बाकीच्यांसाठी कारण लिहितो. प्लेटमध्ये जमणारी ही जोडी माणसात वेगळ्याच कारणाने धोक्याची आहे. अ‍ॅटोर्वा, सिमवा, लोवा यांची विल्हेवाट लिव्हरमधलं सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम लावतं. इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल, व्होरिकोनाझोल हे त्यालाच दाबतात. स्टॅटिन बाहेर पडत नाही, रक्तात साचतं, आणि मग स्नायू विरघळायला लागतात, ते किडनीत अडकतं. सिमवा आणि लोवा तर इट्राकोनाझोलबरोबर द्यायचीच नाहीत, अ‍ॅटोर्वाचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो आणि ४० त्या मर्यादेच्या वर आहे. प्रावा, रोसुवा या रस्त्याने जात नाहीत, फ्लुवाचा रस्ता तिसराच.

पोटऱ्या, मांड्या दुखतायत का? लघवी काळ्या चहासारखी?

---

पाटकरी | बुधवार, संध्याकाळी ७:४१

म्हणजे साचून साचून बुरशी मरण्याइतकं झालं तर आधी माणूस मरेल. डॉक्टर तुम्ही काल सकाळी लिहिलं होतं तेच.

---

बुरशीबाई | बुधवार, रात्री ८:१५

नाना, फोन केलात का? आधी तेवढं लिहा.

आणि गजकर्ण साधं समजू नका, ही पण बुरशीच. आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी म्हणून जो प्रकार पसरलाय, नावातच आपला देश आहे, त्यातले बरेच टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, स्क्वालीनच्या त्याच पायरीवरच्या एन्झाइममध्ये बदल झालेत. म्हणून त्वचेचे डॉक्टर इट्राकोनाझोलकडे वळतात, त्यांचं चुकलं असं नाही. शक्य असेल तर खरवडून कल्चर पाठवायला सांगा. आणि घरात कुणाला खाज आहे का बघा, टॉवेल वेगळा.

---

नाना_निवांत | गुरुवार, सकाळी ११:३०

मंडळी, जिवंत आहे. फोन झाले दोन्ही. त्वचेचे डॉक्टर आधी रागावले मग म्हणाले मीच विचारायला हवं होतं. हृदयवाल्यांनी अ‍ॅटोर्वा बदलून रोसुवा दिलंय, रक्ताची सीपीके तपासणी (स्नायूंना इजा झालीय का बघणारी) आज सकाळी दिली, संध्याकाळी रिपोर्ट. कॅप्सूल दोनच दिवस झाल्या होत्या. पोटऱ्या दुखतात पण त्या तीस वर्षं दुखतायत.

आता चारही डॉक्टरांना दाखवायला सगळ्या गोळ्यांची यादी हिने एका कागदावर लिहून पाकिटात घातलीय. डोळ्याचे थेंब पण लिहिलेत त्यात.

---

चहाबाज | गुरुवार, सकाळी ११:५२

माझे वडील पण दोन्ही घेतात. मी फोन लावतोय घरी.